चळवळीला दोन ळ लागतात

तुमच्या घरातल्या कीबोर्डवर ळ कुठे आहे, हे खाली न बघता सांगता येईल का तुम्हाला?

फोनवर मराठी लिहितो, असं उत्तर देणार असाल तर ते चालणार नाही. फोनवर आपण इंग्रजी अक्षरांत काहीतरी बडवतो आणि फोन त्याच्या मर्जीने मराठी देतो. 'काळ' मागितला की 'काल' देतो, 'बाळ' मागितलं की 'बाल' देतो. आपण घाईत असतो, त्यामुळे दिलं ते घेतो आणि पाठवून मोकळे होतो. गेल्या वर्षी मस्कतमध्ये आमच्या जयंतीच्या पत्रकाचं नेमकं हेच झालं. पप्पांनी पत्रक हाताने लिहून दिलं होतं. मंडळातल्या एका कॉलेजात जाणाऱ्या मुलाने ते फोनवर टाईप केलं, आणि ग्रुपवर जे आलं त्याच्या मथळ्यात मोठ्या ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: 'आपली चलवल पुढे नेऊया'.

पप्पांना राग त्या मुलाचा आला नाही. कोणाच्या लक्षातच आलं नाही, याचा आला. पत्रकाखाली हात जोडल्याचे, निळ्या हृदयांचे ढीग पडले. इंजिनिअर, अकाउंटंट, बँकेतले, सगळ्यांनी 'खूप छान' म्हटलं. एकानेही विचारलं नाही की बाबांनो, चलवल म्हणजे काय.

पप्पा तेव्हा एवढंच म्हणाले, "पुढच्या वर्षीचं मी स्वतः टाईप करणार."

पुढच्या वर्षीचं म्हणजे या वर्षीचं. आणि या वर्षीचं म्हणजे इथलं शेवटचं. पप्पा सोहारला एका कारखान्यात इलेक्ट्रिकल सुपरवायझर होते. आठवडाभर तिकडे राहायचे आणि शुक्रवारच्या सुट्टीसाठी गुरुवारी संध्याकाळी मस्कतमध्ये, दार्सैतला, आमच्याकडे यायचे. माझं सगळं लहानपण त्या गुरुवारांवर टांगलेलं आहे. आता ते निवृत्त झालेत, व्हिसा उन्हाळ्यापर्यंतचा आहे, त्यानंतर ते आणि आई गावी जाणार. मी इथेच राहणार, माझी नोकरी अझैब्यात आहे. म्हणजे या पत्रकात जे छापून जाईल ते पप्पांचं इथलं शेवटचं बोलणं, आणि त्यात 'चलवल' असणं त्यांना मरणाहून वाईट वाटलं असतं. मलाही.

मी मराठी शिकले ती पत्रकांवर, हे इथे सांगायला हवं. शाळेत मराठी नव्हतं. दुसरी भाषा हिंदी, मधल्या सुट्टीची भाषा इंग्रजी. पप्पा सुट्टीवरून येताना बॅगेतून पत्रकं आणायचे. सभांची, मोर्चांची, वाचनालयाच्या उद्घाटनाची, पिवळी, गुलाबी, स्वस्त कागदाची, शाई बोटाला लागणारी. त्यांवर बोट ठेवून मी वाचायला शिकले. त्यामुळे माझी पहिली मराठी वाक्यं 'मला भूक लागली' अशी नव्हतीच. मी आईसमोर उभी राहून "आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत" म्हणायचे आणि मग आइस्क्रीम मागायचे. आई अजून त्यावरून टोमणे मारते. पण ळ मला तिथेच भेटला. चळवळ, फळा, शाळा, वेळ, बळ. वर्गातल्या माझ्या मराठी मैत्रिणी शाळेला शाला म्हणायच्या आणि मी त्यांच्याशी भांडायचे.

तर, कीबोर्ड. घरी एक जुना कॉम्प्युटर आहे, हॉलमध्ये टीव्हीशेजारच्या टेबलावर. त्याचा कीबोर्ड वायरचा होता आणि पप्पा पाठीच्या दुखण्यामुळे टेबलाशी न बसता दिवाणावर तक्क्याला टेकून तो मांडीवर घ्यायचे. त्यामुळे वायर हॉलच्या मधून जायची, बरोबर स्वयंपाकघराच्या वाटेवर. एके दिवशी आई चहा घेऊन आली, तिचा पाय वायरीत अडकला आणि सगळा चहा कीबोर्डने प्यायला.

"मला भाजलं का, ते कोणी विचारणार आहे?" आई म्हणाली, कारण पप्पा आणि मी दोघंही कीबोर्ड उलटा करून झटकत होतो.

"भाजलं का?" पप्पांनी विचारलं.

"नाही. पण आता या घरात वायर येणार नाही. एक तर वायर राहील, नाहीतर मी."

पप्पांनी विचार करत असल्यासारखं छताकडे पाहिलं. आईने त्यांच्या अंगावर फडकं फेकलं.

अशा रीतीने वायरलेस कीबोर्ड आणि माऊस आणायचं ठरलं. आईची अट, वायर नको. माझी अट, त्यावर मराठी अक्षरं छापलेली हवीत. इथे प्रत्येक कीबोर्डवर इंग्रजीशेजारी अरबी अक्षरं असतात आणि ती असायलाच हवीत, देश त्यांचा आहे. पण इथे एवढे मराठी लोक राहतात, आणि आपली अक्षरं एकाही दुकानात नसावीत? हे मी जेवताना जरा जोरात बोलले.

"मला अक्षरं नकोत," पप्पा म्हणाले. "माझी बोटं बघून टाईप करत नाहीत. मला फक्त ळ उमटला पाहिजे."

"प्रश्न तुमच्या एकट्याचा नाही, पप्पा. अक्षर दिसलं नाही की माणूस ते विसरतो."

"वाक्य चांगलं आहे. पत्रकात घालू का?"

"मी टाईप करून देते ना पत्रक. कशाला हा खटाटोप?"

"तू टाईप करत नाहीस. तू दुरुस्त करतेस."

हे खरं होतं.

त्यांच्या बोटांबद्दल सांगते. पप्पा तरुणपणी तालुक्याच्या गावी टायपिंगच्या क्लासला गेले होते. पुढे सोहारच्या साइट ऑफिसात त्यांनी कॉम्प्युटरवरची सरकारी मराठी मांडणी जेवणाच्या सुट्टीत बसून शिकून घेतली. त्या मांडणीत ल हा इंग्रजी एनच्या बटणावर आहे. आणि ळ? तोही तिथेच, पण शिफ्ट दाबून. म्हणजे डाव्या करंगळीने शिफ्ट धरायची आणि उजव्या हाताने एन मारायचा. शिफ्ट निसटली की ळचा ल होतो. हे तुम्हाला आत्ता क्षुल्लक वाटेल. थांबा जरा.

पहिला सेट मी ऑफिसमधून सुटल्यावर अझैब्यातल्या एका मोठ्या दुकानातून आणला. मराठी अक्षरं नव्हतीच; विचारल्यावर विक्रेत्याने मला हिंदीत विचारलं, "मराठी मतलब कौन सा, मॅडम?" मी त्याला सांगायला सुरुवात केली, पण मागे रांग होती. त्याने एक पांढरा, पातळ, बिस्किटासारखा कीबोर्ड दिला. सोबत लिंबाएवढा माऊस. "सबको चलता है. फोन, टीव्ही, टॅब, सबको."

सबको चालत होता. आमच्या कॉम्प्युटरला सोडून. तो ब्लूटूथचा होता आणि आमच्या जुन्या डब्याला ब्लूटूथ नाही. खोक्यावर ते लिहिलेलं होतं, पण एवढ्या बारीक अक्षरांत की ते वाचायला पप्पांनी चष्म्यावर भिंग धरलं. आईने मात्र तो कीबोर्ड टीव्हीला जोडला आणि त्यावर तिच्या मालिका शोधायला लागली. "माझा छान चालतो," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तो परत न्यायला मला अक्षरशः तिच्या हातातून काढून घ्यावा लागला.

दुकानात नवा विक्रेता होता. त्याने खोकं बघितलं आणि मान हलवली. "ओपन हो गया, खलास."

"उघडल्याशिवाय कसं कळणार चालतो की नाही?"

"खोलने से पहले पूछने का था."

"विचारलं होतं. तुमच्या माणसाने सांगितलं सगळ्याला चालतो."

"वो आज छुट्टी पे है."

त्यानंतर मी जे बोलले ते हिंदीत सुरू झालं आणि मराठीत संपलं, कारण राग आला की मला दुसरी भाषा सुचत नाही. ग्राहक म्हणजे भिकारी नव्हे, वगैरे. मला वाटतं मी 'जाहीर निषेध' असाही शब्द वापरला. शेवटी मॅनेजर आला आणि पैसे परत नाही, पण बदलून दुसरा घ्या म्हणाला. दुसरा म्हणजे डोंगलवाला: नखाएवढा तुकडा कॉम्प्युटरला लावायचा, की कीबोर्ड आणि माऊस दोन्ही चालू. हा काळा होता, तोही पातळ. मी विजयी मुद्रेने घरी आले.

डोंगल लावला आणि चालू झाला. पप्पा दिवाणावर टेकले, कीबोर्ड मांडीवर घेतला, बोटं चोळली. वायर नाही, आई खूश. पप्पांनी पहिला शब्द टाईप केला आणि आम्ही तिघांनी स्क्रीनकडे बघितलं.

चलवल.

"पुन्हा करा," मी म्हणाले.

चलवल. मग मध्येच एक तिरकी रेघ. मग चळवल. मग पुन्हा चलवल, दोन तिरक्या रेघांसकट.

मी ठरवून टाकलं की हा वायरलेसचा दोष आहे. हवेतून अक्षर जाताना शिफ्ट कुठेतरी गळतेय. मी सेल बदलले. डोंगल मागून काढून पुढे लावला. राउटर दुसऱ्या खोलीत नेला, तर नेट गेलं म्हणून आई ओरडली. पप्पा दर वेळी शांतपणे टाईप करत होते आणि दर वेळी चलवल येत होतं. माऊसचंही निराळंच. जरा हात काढला की तो झोपायचा, आणि हलवला की आळस देत देत जागा व्हायचा. तोवर पप्पांनी बाण शोधायला माऊस इतका गरागरा फिरवलेला असायचा की तो एकदम स्क्रीनच्या टोकाला जाऊन धडकायचा.

"वायर असताना हे नव्हतं," पप्पा म्हणाले.

"वायर असताना मी पडत होते," आई म्हणाली.

मग पप्पांनी कीबोर्ड बाजूला ठेवला आणि म्हणाले, "राहू दे. 'चळवळ' न वापरता लिहितो. 'कार्य' म्हणू. 'आपलं कार्य पुढे नेऊया'."

कार्य म्हणजे लग्नकार्य. कार्य म्हणजे सत्कार, शाल, नारळ. ज्या माणसाने मला तो शब्द पिवळ्या कागदावर बोट ठेवून शिकवला, तो माणूस एका दुकानदाराच्या मालामुळे शब्द बदलायला निघाला होता. मी म्हणाले, "नाही. बिलकुल नाही." आणि त्यांच्या शेजारी दिवाणावर जाऊन बसले. "आता टाईप करा. मी स्क्रीनकडे बघणार नाही, तुमच्या बोटांकडे बघते."

आणि मग दिसलं. दोन वर्षांपूर्वी पप्पा साइटवरच्या जिन्यात पडले होते, तेव्हापासून त्यांच्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट पूर्ण वळत नाही. जुन्या कीबोर्डवर डावी शिफ्ट लांबलचक होती, करंगळी कुठेही पडली तरी शिफ्टवरच पडायची. या नव्यावर शिफ्ट आखूड. तिच्या आणि झेडच्या मध्ये एक जादा बटण घुसवलेलं, तिरक्या रेघेचं. पप्पांची न वळणारी करंगळी कधी त्या बटणावर उतरत होती, कधी दोन बटणांच्या मधल्या फटीत. म्हणून रेघ, आणि म्हणून ल.

म्हणजे कीबोर्ड बिघडलेला नव्हताच. तो असाच बनवलेला होता. कोणीतरी, कुठेतरी, शिफ्टचा अर्धा तुकडा कापून दुसऱ्याला दिला होता आणि त्यामुळे दार्सैतमधल्या एका माणसाचा ळ गेला होता.

"लांब शिफ्टवाला आणू," मी म्हणाले.

"हे दुकानात काय सांगणार?" पप्पा हसले. "ळवाला द्या?"

शुक्रवारी आम्ही दोघं रूवीला गेलो. जवळच आहे, एरवी चालतच जातो, पण ऊन असं होतं की टॅक्सी केली. मस्कतला राहिला असाल तर कॉम्प्युटरच्या दुकानांची ती गल्ली तुम्ही पाहिली असेल. एका दुकानाच्या तोंडात दुसरं दुकान. मी प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारला, लेफ्ट शिफ्ट लांब असलेला वायरलेस सेट आहे का. आणि प्रत्येक ठिकाणी एकच उत्तर मिळालं: "सेम सेम, मॅडम. सब सेम." रेंज किती, सेल किती दिवस टिकतो, गेमिंगचा पाहिजे का, लाइटवाला पाहिजे का, गुलाबी आहे, मुलींना गुलाबी आवडतो. हे सगळं सांगायला माणसं तयार. शिफ्ट किती लांब, हे सांगायला एकही नाही. खोकी सगळी बंद. उघडून दाखवा म्हटलं की, "खोलेगा तो लेना पडेगा."

मला समजावून सांगा. चप्पल घालून बघता येते. आंबा दाबून बघता येतो. ज्या वस्तूवर माणूस वर्षानुवर्षं दोन्ही हात ठेवणार, तिला मात्र घ्यायच्या आधी बोट लावायचं नाही. आणि खोक्यावरच्या चित्रावर भरवसा ठेवावा, तर पप्पांना एका खोक्यावर लांब शिफ्ट दिसली, आम्ही खूश झालो, आणि दुकानदार स्वतःच म्हणाला, "फोटो अमेरिका का है. अंदर अरबी वाला आयेगा, अलग."

"म्हणजे सेम नाही," मी म्हणाले.

"सेम है. थोडा अलग."

एका दुकानात मात्र माझे डोळे चमकले. काउंटरवर स्टिकरचे कागद टांगले होते. हव्या त्या कीबोर्डवर चिकटवायची छोटी पारदर्शक अक्षरं. मल्याळम होती, उर्दू होती, आणि चक्क देवनागरी. मी कागद हातात घेतला. क, ख, ग पाहिले. पहिल्यांदा या शहरात आपलं अक्षर विकायला ठेवलेलं बघत होते. मग एनचं स्टिकर शोधलं. त्यावर ल होता. फक्त ल. वरच्या कोपऱ्यात, जिथे ळ असायला हवा, तिथे काही नव्हतं.

"ळ नाहीये यात," मी म्हणाले.

दुकानदार केरळचा, वयस्कर, अत्यंत सभ्य. "हिंदी है ना मॅडम. हिंदी-मराठी सेम सेम."

"सेम नाही. ळ नाही तर मराठी नाही. तुमच्या मल्याळममधून ळ काढला तर चालेल तुम्हाला?"

तो थबकला. मग त्याने स्वतःच्या भाषेतले दोन-तीन शब्द पुटपुटून बघितले, जीभ मागे वळवून, आणि मान डोलावली. "नहीं चलेगा," तो म्हणाला. "हमारा पूरा भाषा ही गिर जायेगा."

"मग?"

"मगर मैं स्टिकर नहीं बनाता, मॅडम. कंपनी बनाता है. अर्बाब लाता है. मैं बेचता है."

मी पुढे बोलणार होते. कंपनीबद्दल, अर्बाब म्हणजे दुकानाच्या मालकाबद्दल, लिप्यांबद्दल माझ्याकडे पुष्कळ तयार होतं. पण मागून पप्पांचा आवाज आला. "बेटा, इकडे ये."

ते दुकानाच्या बिलाच्या काउंटरपाशी उभे होते. तिथे दुकानदाराचा स्वतःचा कीबोर्ड होता. वायरलेसच, पण जाडजूड, करडा, बटणांवरची निम्मी अक्षरं झिजलेली, कडांना धूळ. त्याच्या डाव्या कोपऱ्यात आडवी पसरलेली लांब शिफ्ट. पप्पांनी त्यावर दोन्ही हात ठेवले होते.

"इसपे हाथ लगाऊँ?" त्यांनी विचारलं. हात आधीच लावलेला होता.

"लगाओ, लगाओ."

त्या कॉम्प्युटरवर मराठी कुठून असणार. पप्पांनी इंग्रजीतच करंगळी शिफ्टवर टेकवली आणि एन मारला. स्क्रीनवर उघड्या असलेल्या कोणाच्या तरी बिलात मोठा एन उमटला. पुन्हा मारला. पुन्हा मोठा. मग ते मारतच सुटले, मोठे एन, ओळभर. एकही लहान नाही.

"ये क्या कर रहे हो, अंकल?" दुकानदार घाबरून म्हणाला. "कस्टमर का बिल है."

"ळ टाईप करतोय," पप्पा मराठीतच म्हणाले. मोठा एन आला म्हणजे घरी ळ येणार. त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू होतं की मला मान फिरवून उर्दूच्या स्टिकरांकडे बघावं लागलं.

तसा नवा सेट होता का? होता. गोदामात, जुना माल, कोणी घेत नाही म्हणून मागे टाकलेला. "ये तो आउटडेटेड है, मॅडम. स्लिमवाला लो ना." दुकानदाराने तीन वेळा मला परावृत्त करायचा प्रयत्न केला. खोकं न उघडता विकायचा नियम त्याने आमच्यासाठी मोडला. पप्पांनी आतली शिफ्ट बोटाने मोजल्यासारखी चाचपली आणि "यल्ला, चला, घेऊया" म्हणाले. सोबतचा माऊसही तसाच, मुठीत मावेल एवढा, झोपाळू नसलेला. माझ्या तत्त्वाचं मात्र काहीच झालं नाही. त्या कीबोर्डवर इंग्रजी आहे, अरबी आहे, मराठी नाही. मी रागाने आईच्या नेलपॉलिशने एनच्या बटणावर ळ काढला. आई म्हणाली वाईट दिसतंय. आठवड्याभरात पप्पांच्या बोटाने तो पुसूनही टाकला.

पप्पांनी पत्रक स्वतः टाईप केलं. मला वाचायला दिलं ते फक्त वाचायला. दोन वाक्यं फार लांब होती आणि एक विशेषण मी तरी काढलं असतं. मी काढलं नाही. मथळ्यात चळवळ होती, दोन्ही ळ जागेवर. ग्रुपवर पाठवल्यावर पुन्हा तेच हात जोडल्याचे, निळ्या हृदयांचे ढीग. गेल्या वर्षीइतकेच. कोणी म्हटलं नाही की यंदा शब्द बरोबर आहे. पप्पांना त्याचं काही वाटलं नाही, किंवा त्यांनी दाखवलं नाही. मी ग्रुपवर एक खरमरीत मेसेज लिहिला आणि आईने तो पाठवू दिला नाही.

गोष्ट इथे संपली असती तर मी ही लिहायला बसले नसते. जयंतीला आम्ही मोजकी कुटुंबं एका मोठ्या फ्लॅटमध्ये जमलो. खीर होती, वंदना झाली, आणि मग पत्रकाचं वाचन मुलांकडून करून घ्यायचं ठरलं. सातवी-आठवीतली एक मुलगी उठली. इथेच जन्मलेली, हुशार, मैत्रिणींशी इंग्रजीत बोलणारी. तिने कागद धरला, घसा साफ केला आणि वाचलं, "आपली चलवल पुढे नेऊया."

कागदावर ळ होता. दोन होते. मी माझ्या डोळ्यांनी बघत होते. त्या दोन अक्षरांसाठी दोन कीबोर्ड, दोन माऊस आणि माझी अर्धी अक्कल खर्ची पडली होती, आणि तोंडातून ल आला. मागे कोणीतरी हसलं. "इथल्या मुलांचं असंच," एक काका म्हणाले, जणू पावसापाण्याबद्दल बोलत असावेत. त्या मुलीचा चेहरा पडला. मी उठणार होते. मला त्या काकांना बरंच काही सांगायचं होतं.

पप्पांनी मला हाताने खाली बसवलं. "बेटा, पुन्हा वाच," ते तिला म्हणाले.

"चलवल."

"जीभ मागे वळव. टाळूला लाव. आणि सोड."

तिने प्रयत्न केला. "चडवड." आता सगळेच हसले, पण ती हसण्यात सामील झाली नाही. तिने कागद डोळ्यांजवळ नेला. "अंकल, हा कुठला ल आहे? आमच्या हिंदीत नाहीये."

"म्हणूनच तुला देतोय," पप्पा म्हणाले. "हा ल नाहीच. हा ळ. शिफ्ट दाबून येतो."

का कोण जाणे, ते तिला कळलं. कॉम्प्युटरवरचं आहे म्हणून असेल. तिने डोळे मिटले, डावी करंगळी हवेत खाली दाबली आणि म्हणाली, "चळवळ." मग पुन्हा, जोरात, "चळवळ." हसणारी मुलंही करंगळ्या दाबून ळ, ळ, ळ करायला लागली, आणि खीर थंड होत असल्याची तक्रार आई कोणाच्या तरी कानात करत राहिली.

उन्हाळा लागला की आई-पप्पा जातील. कीबोर्ड इथेच राहणार आहे, माझ्याकडे. पप्पा म्हणतात गावी लांब शिफ्टवाले मिळतात.

तुमच्याकडे माझं एक मागणं आहे. कीबोर्ड घ्याल तेव्हा खोकं उघडायला लावा, हात ठेवून बघा, नाही म्हणाले तर भांडा. ते तर कराच. पण त्याआधी, आजच, तुमच्या घरातल्या मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवा आणि हे पान मोठ्याने वाचायला सांगा. ळ आला की कान द्या. ल ऐकू आला तर हसू नका, इथल्या मुलांचं असंच म्हणून सोडून देऊ नका. पुन्हा वाचायला सांगा.